अर्धा लिटर माती

सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवर एकही हिरवा ठिपका नव्हता. मी पट्टी डावीकडे सरकवली, उजवीकडे सरकवली, भिंगावरचे तेल पुसून नवे लावले, दिवा मंद केला, पुन्हा वाढवला. आणि सकाळी सव्वाआठ वाजता, खिडकीबाहेर मार्तेझाना कालव्यावरचे धुके अजून जागचे हललेही नसताना, मला मान्य करावे लागले की समोरचे सारे वर्तुळ कडेपासून कडेपर्यंत लाल आहे. आमच्या कामात रंगांचे अर्थ ठरलेले असतात. हिरवा रंग वाफेवर शिजवून आत मुरवावा लागतो आणि तो बीजाणूच तेवढे धरून ठेवतात. धुतल्यावर बाकीच्या पेशी तो सोडून देतात आणि वरून दिलेला लाल पांघरतात. लाल म्हणजे खाणारा, वाढणारा, दुभंगणारा, आणि म्हणूनच मरणारा जीवाणू. हिरवा म्हणजे दिवस वाईट येत आहेत हे ओळखून त्याने स्वतःच्या आत बांधलेला कठीण दाणा. तो कढत पाण्याला, पोटातल्या आम्लाला आणि वर्षानुवर्षांच्या उपासाला दाद देत नाही. आम्ही विकतो तो हिरवा. या देशात ज्या ज्या घरात मूल आहे त्या त्या घराच्या औषधांच्या कपाटात आमची, नाहीतर आमच्यासारख्या दुसऱ्या कुणाची, पाण्यासारखी दिसणारी चिमुकली कुपी असते. पोराचे पोट बिघडले की आई ती साखरपाण्यातून पाजते. त्या कुपीत लाल पेशी भरून विकता येत नाहीत. त्या आठवडाभरात मरतात, आणि त्याआधी पोटात पोचल्या तर तिथे मरतात.

हे तिसऱ्यांदा घडत होते. जुलैत पहिल्यांदा घडले तेव्हा मी त्याला अपघात म्हटले. सप्टेंबरात दुसऱ्यांदा घडले तेव्हा मी त्याला काहीच म्हटले नाही, आणि काहीच न म्हणणे हा माझा स्वभाव नाही. माझी बायको लोरेदाना म्हणत असे की मी मेलो तर शवपेटीच्या झाकणाशीसुद्धा, ते नीट बसलेले नाही म्हणून वाद घालीन. नऊ वर्षांपूर्वी जेनोव्हाला बहिणीकडे राहायला जाताना तिने सांगितले होते, "तुझं म्हणणं नेहमी बरोबरच असतं रे. त्याचाच तर शीण आलाय." त्या वाक्यात विरोधाभास आहे, असे मी तिला दारात उभे राहून दाखवून दिले होते. परत येशील का, एवढे मात्र विचारले नाही. हो म्हणाली असती तर मला बदलावे लागले असते. नाही म्हणाली असती तर तेही मला ठाऊक झाले असते. प्रश्न विचारलाच नाही की दोन्ही उत्तरे जिथल्या तिथे राहतात. हे तेव्हा सुचले नव्हते. सुचले ते आत्ता, एक डोळा मिटून दुसऱ्याने ती लाली बघताना.

"डॉक्टर, असा चेहरा का? कुणी मेलं का?" नोएमी दोन कागदी पेल्यांत कॉफी घेऊन आत आली. चार महिने ती रोज सकाळी खालच्या यंत्रातून माझ्यासाठी कॉफी आणते. साखर नसलेली, वर फेस नसलेली. चौतीस वर्षांची आहे, पाव्हियात शिकलेली. आणि मांसाच्या अर्काऐवजी सोयाबीनच्या अर्कावर आमचे जीवाणू वाढवायचे, ही तिची दोन वर्षांची मेहनत. परदेशातली गिऱ्हाइके हल्ली गुरांपासून काढलेले काही चालवून घेत नाहीत. "टाकी बघितलीत का? नुसती फसफसतेय. मांसाच्या सुपापेक्षा दुप्पट वाढ!"

"वाढ दुप्पट आहे," मी म्हणालो. "बीजाणू नाहीत."

"कमी आहेत की नाहीत?"

"नाहीत."

तिने पेले टेबलावर ठेवले, मला खांद्याने हलकेच बाजूला सारले आणि भिंगाला डोळा लावला. भिंगातून डोळा न काढता ती म्हणाली, "मेल्यांनो! खाऊनपिऊन टुणटुणीत, आणि कामाच्या नावानं बोंब. अगदी माझा भाऊ." ती हसली, हसू अर्ध्यावर थांबले. "आज तीन वाजता संचालकांसमोर अहवाल आहे. तिसरी चाचणी फसली तर सोया बंद, हे त्यांनी आधीच सांगितलंय. आणि सोया बंद म्हणजे मी बंद. माझं कंत्राट डिसेंबरपर्यंतच आहे." तिने मान वर केली. डोळ्याभोवती भिंगाचा गोल वळ उमटला होता. "मी पाणी तपासलं, आम्लता तपासली, हवा तपासली, सोयाचे चार पुरवठादार बदलले. काहीतरी आहे जे जुन्या सुपात आहे आणि माझ्यात नाही. तुम्ही अहवालात काय लिहिणार?"

"जे आहे ते."

"तेच लिहा. तुम्हाला दुसरं काही लिहिताच येत नाही, म्हणून तर तुमच्या सहीला किंमत आहे," ती म्हणाली, आणि स्वतःची कॉफी तिथेच विसरून टाकीकडे गेली.

या वाक्यात टोमणा असता तर मला बरे वाटले असते. तो नव्हता. या खोलीत जो कुणी नवा माणूस येतो त्याला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतो: जे लिहिले नाही ते घडले नाही. तापमान लिहा, वेळ लिहा, चूक झाली तर एका रेघेने खोडा, खोडलेले वाचता आले पाहिजे, शेजारी सही करा. नोएमीलाही मी हेच सांगितले होते. तिने ते चिठ्ठीवर लिहून नळाच्या वर चिकटवले आहे. आणि त्याच नळाच्या खालच्या कपाटात, मागच्या रांगेत, तपकिरी काचेची दोन लिटरची एक बाटली आहे. तिच्यात मातीचा अर्क असतो. मी तो शनिवारी, कुणी नसताना करतो: किलोभर माती दुप्पट पाण्यात तासभर उकळायची, निवळू द्यायची, दुहेरी कापडातून गाळायची, मग वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करायची. पन्नास लिटरच्या प्रत्येक टाकीत त्यातला अर्धा लिटर जातो. मांसाच्या अर्काचा रंगही तसाच, कुणाच्या ध्यानात येत नाही. अठ्ठावीस वर्षे मी तो घालत आलो आहे आणि अठ्ठावीस वर्षांत त्याचा एक शब्दही कुठल्या नोंदवहीत नाही. सोयाच्या टाक्या नोएमी स्वतः भरते, नव्या यंत्रावर, ठरलेल्या यादीप्रमाणे. त्यांत माती पडत नाही.

ही माती मला सिन्योरा नीवेसकडून आली. मी एकतिसाव्या वर्षी इथे लागलो तेव्हा ती सत्तावन्नची होती, कार्नियाच्या डोंगरातली, बुटकी, रुंद हातांची, शिक्षण पाचवीपर्यंतचे. हुद्दा मदतनीसाचा होता. पण टाकी लावायची तीच, आणि त्या द्रवाला सगळा कारखाना नीवेसचे सूप म्हणायचा. माझ्या पहिल्या दिवशी तिने मला टाकीपाशी उभे केले आणि बाटली दाखवून काहीतरी सांगत राहिली. गावाकडची माती आहे, घराच्या मागे चेस्टनटचे झाड आहे त्याच्या खालची, दर ऑगस्टला सुट्टीत गेले की पिशवीभर आणते, असे काहीतरी. मी त्या वेळी पाककृतीचा अधिकृत कागद वाचत होतो. त्यात दोन ठिकाणी स्वल्पविराम चुकीच्या जागी पडला होता, आणि एका जागी तर त्यामुळे प्रमाणाचा अर्थच बदलत होता. ते मी तिला दाखवले. ती म्हणाली, "बरं, बरं, तू ते नीट कर," आणि माती ओतली. तीन वर्षांनी निवृत्त होताना तिने बाटली माझ्या हातात दिली. तोवर माझे मत पक्के झाले होते: खेड्यातल्या बाईची श्रद्धा आहे; आजी पीठ मळताना त्यावर क्रूस काढते, तसे. निरुपद्रवी असेल तर श्रद्धेला हात लावू नये. ती पुढे चालवण्यात मला एक प्रकारची सभ्यता वाटली.

पण माणूस स्वतःशीच युक्तिवाद करत बसला की त्याला उशिरा का होईना, प्रतिपक्षही ऐकावा लागतो. श्रद्धा होती तर एकदा तरी वगळून का पाहिले नाही? माझ्या धंद्यात याहून सोपी गोष्ट नाही. दोन चंबू घ्यायचे, एकात घालायचे, एकात नाही, तीन दिवस थांबायचे. मी साध्या कापसाच्या बोळ्याचीसुद्धा अशी परीक्षा घेतलेली आहे. मातीची घेतली नाही. कारण फरक पडला असता तर ती नोंदवहीत लिहावी लागली असती, औषधाच्या पाककृतीत माती, आणि तिच्यासोबत मागची सगळी कोरी वर्षे. फरक पडला नसता तर ती घालणे थांबवावे लागले असते, आणि शनिवारची ती उकळणाऱ्या मातीची, पावसाळी अंगणासारख्या वासाची शांत सकाळ संपली असती. म्हणून मी प्रश्नच विचारला नाही. आयुष्यात हे दोनदा केले, आणि दोन्ही वेळा त्याला संयम असे नाव दिले.

जीवाणूचे तरी काय निराळे असते? भरपूर खायला मिळाले की तो बीजाणू धरत नाही. त्याला कारणच नसते. अन्न संपत आले, की त्याला ठरवावे लागते: आणखी एकदा दुभंगायचे, की सारे आवरून, मोजके तेवढे आत घेऊन, दार लावून बसायचे. हा निर्णय घ्यायला सहा-आठ तास लागतात आणि एका टप्प्यानंतर तो फिरवता येत नाही. दार लावायलाही आतून काहीतरी लागते, एखाद्या धातूचा कण, चिमटीहून कमी. ते नसेल तर त्याची इच्छा असूनही कवच पुरे होत नाही. तो लालच राहतो, आणि लालच मरतो. हे सगळे मी तीस वर्षे शिकवले आहे. मातीत असे धातू असतात हेही मला माहीत होते. या दोन वाक्यांना मी कधी शेजारी बसू दिले नाही, एवढेच.

साडेअकराला मी अंगरखा काढून खुंटीला लावला आणि कालव्याच्या कडेने गोर्लाकडे चालू लागलो. कालव्यातले पाणी काढलेले होते. दर वर्षी या दिवसांत कालवा साफ करायला तो रिकामा करतात आणि तळाशी सायकली, खुर्च्या, एखादे बाळगाडीचे चाक उघडे पडते. धुक्यात कुणीतरी चेस्टनट भाजत होते. माणूस दिसत नव्हता, वास येत होता. नन चालवतात त्या वृद्धाश्रमापर्यंत पंधरा मिनिटे लागतात. मी तिथे दर गुरुवारी जातो. आज मंगळवार होता.

नीवेस खिडकीशी बसली होती, गळ्याला रुमाल बांधलेला, पुढ्यात सूप. अठ्ठ्याऐंशी वर्षांची झाली, हात मात्र तेवढेच रुंद राहिले आहेत; बाकीची ती त्यांच्यामागे लहान होत गेली.

"आज गुरुवार नाही," ती म्हणाली. "कोण गेलं?"

"कुणी नाही, सिन्योरा नीवेस."

"मग बैस. हे बघ. गरम पाण्यात पिठाच्या चार चांदण्या सोडल्यात, झालं सूप. आपले जीवाणूसुद्धा तोंड लावायचे नाहीत. मी त्या ननला म्हटलं, बाई, हाडं उकळायला तरी शिक, तर म्हणते देवाचे आभार माना. देवाला दिलंय का हे कधी?" तिने चमचा उलटा करून ठेवला. "बोल. तुझं तोंड उकडलेल्या कोबीसारखं झालंय."

मी वाटेत वाक्य जुळवून आणले होते. त्याला प्रास्ताविक होते आणि दोन उपवाक्ये होती. प्रत्यक्षात मी एवढेच विचारले, "ती माती. घातली नाही तर काय होतं?"

"काय व्हायचंय? लाल."

शेजारच्या टेबलावर एक म्हातारा चमच्याने पेला वाजवत होता. मी तो आवाज संपण्याची वाट पाहिली. तो संपला नाही. "तुम्हाला कसं माहीत?"

"कसं म्हणजे? करून बघितलं. सदुसष्ट साली. तीनदा न घालता केलं, तिन्हीदा लाल. तीनदा घालून केलं, तिन्हीदा हिरवं. तेव्हा ते म्हातारे संचालक होते ना, मिशीवाले, त्यांना नेऊन दाखवलं. ते म्हणाले, नीवेस, तू घालत जा, पण लिहू नकोस; औषधात माती कालवतात हे रोमला कळलं तर हसतील आपल्याला."

"हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत."

"घ्या! पहिल्याच दिवशी सांगितलं. टाकीपाशी उभं करून, सगळं. तीन आणि तीन." तिने माझ्याकडे रागाने बघितले नाही. खोडकर नातवाकडे बघावे तसे बघितले. "तू ऐकत कुठे होतास रे? तू वाचत होतास."

कुठल्या विधानाला उत्तर नसते हे मला ओळखता येते. आजवर ते दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवर बघितले होते. श्रद्धा तिची नव्हतीच. तिने सहा चंबू लावले होते, पाचवी शिकलेल्या बाईने, आणि निकाल माझ्या हातात ठेवला होता. त्याची श्रद्धा मी केली. मी तिला चाचण्यांबद्दल सांगितले, नोएमीबद्दल सांगितले, तीन वाजताच्या अहवालाबद्दल सांगितले. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आणि भाचा माती वेळेवर आणून देतो ना अजून? झाडाखालचीच आणतो ना? त्याला म्हणावं, विहिरीकडची नको."

इथे मला गप्प राहता आले असते. तिच्या भाच्याने सहा वर्षांपूर्वी गावचे घर विकले. तिला ते कुणी सांगितलेले नाही. "भाचा आणत नाही," मी म्हणालो. "घर गेलं, सिन्योरा नीवेस. सहा वर्षं झाली. तेव्हापासून मी आमच्या प्रेकोत्तोच्या ट्रामच्या थांब्यापाशी फुलांचा वाफा आहे, त्यातली नेतो."

तिचे खांदे हलू लागले. मला वाटले रडते आहे. ती हसत होती. "ट्रामची! सिगारेटच्या थोटकांसकट?"

"थोटकं काढून."

"आणि चालते?"

"चालते. तेवढीच हिरवी."

हसू हळूहळू ओसरले. तिने रुमालाने डोळे पुसले आणि खिडकीबाहेर, जिथे धुक्याशिवाय काही नव्हते तिथे, बघत राहिली. "म्हणजे आमच्या मातीत काही विशेष नव्हतं," ती म्हणाली. "मला आपलं वाटायचं, असेल." तिच्या हातातले काहीतरी मी आत्ताच काढून घेतले आणि त्या जागी ठेवायला माझ्याकडे काही नव्हते. शेवटी तिनेच सूप माझ्याकडे सरकवले. "खा तू. मला जात नाही. आणि लिहून टाक एकदाचं. माझं नाव घाल. त्या औषधाच्या खोक्यांवर कधी आलं नाही, निदान वहीत तरी येऊ दे. पण आधी पोरीला सांग. कागदाला मागून सांगितलंस तरी चालेल, तो कुठे पळून जात नाही."

मी ते सूप उभ्याउभ्याच प्यायलो. खरोखरच त्याला कशाची चव नव्हती.

परतीच्या वाटेवर मी अहवालाचा दुसरा मसुदाही मनात तयार केला, हे लिहिणे भाग आहे. त्यात असे होते की सोयाचे माध्यम बीजाणूनिर्मितीला अपुरे ठरले असून जुन्या माध्यमाकडे परतावे. त्यातले एकही वाक्य खोटे नव्हते. एप्रिलमध्ये मी निवृत्त होणार होतो. बाटली सोबत घरी नेता आली असती. पुढे जुने सूपही लाल निघाले असते, आणि लोकांनी म्हटले असते, व्हिस्मारा होता तोवर ठीक होते, काय हात होता त्याचा. हा मसुदा इतका सुबक होता की मला पुलावर थांबून कठड्याला टेकावे लागले. खाली कोरड्या तळाशी एक जण उंच बूट घालून फावड्याने चिखल ओढत होता. त्याने वर बघून हात केला. मीही केला.

नोएमी टाकी धुऊन हात पुसत होती. मी कपाटातली बाटली काढून तिच्यापुढे ठेवली आणि सांगितले. प्रास्ताविक नव्हते. ती चटकन समजणारी मुलगी आहे. तिसऱ्या वाक्याला तिचे हात थांबले.

"मँगनीज," ती म्हणाली. "मातीत असतं. मांसाच्या अर्कात पुरेसं नाही, माझ्या गाळलेल्या सोयात तर उरतच नाही. मँगनीज असणार. देवा! चिमूटभर क्षार टाकला असता तर..." मग तिने माझ्याकडे बघितले, आणि मँगनीज तिच्या चेहऱ्यावरून गेले. "तुम्हाला जुलैपासून माहीत होतं?"

"जुलैत नाही. सप्टेंबरात शंका आली."

"शंका आली." तिने ते शब्द परत ठेवल्यासारखे उच्चारले. "मी सप्टेंबरात पाणी तपासायला बोलोन्याला पाठवत होते. तुम्ही पाकिटावर पत्ता लिहून दिलात. सुंदर अक्षरात."

"हो."

"मी रोज तुमच्यासाठी कॉफी आणत होते, डॉक्टर."

मी काहीही म्हणालो असतो तर तो युक्तिवाद झाला असता. ती नळापाशी गेली, वर चिकटवलेली ती चिठ्ठी तिने काढली, वाचली, आणि परत तिथेच चिकटवली. कोपरा नीट बसेना तर अंगठ्याने दाबून बसवला. मग फळीवरून विचलनाच्या, म्हणजे ठरलेल्यापेक्षा वेगळे काही केल्याच्या, नोंदीचा फॉर्म काढून माझ्यापुढे टाकला. "भरा. मी बघते." मी भरू लागलो. घटकाचे नाव: मातीचा अर्क. प्रमाण: पन्नास लिटरला अर्धा लिटर. कधीपासून. इथे मी पेन थांबवले, मग सदुसष्ट साल लिहिले, आणि माझी अठ्ठावीस वर्षे स्वतंत्र ओळीत लिहिली. पुढचा रकाना पुरवठादाराचा होता.

"लिहा," नोएमी म्हणाली. "रिकामा रकाना चालत नाही. तुम्हीच शिकवलंय."

मी लिहिले: नीवेस झानकेत्ता, कार्निया. खाली: प्रेकोत्तो, ट्रामचा थांबा, फुलांचा वाफा. तिने ते माझ्या खांद्यावरून वाचले. नाकातून एक आवाज आला. तो हसण्याचा असावा असे मला वाटले, पण मी वळून बघितले नाही.

तीन वाजताच्या बैठकीचे फार सांगण्यासारखे नाही. संचालकांनी फॉर्म दोनदा वाचला आणि विचारले, "तुम्ही, व्हिस्मारा?" वर्षानुवर्षे सगळ्यांना सगळ्याबद्दल हटकणाऱ्या माणसाला याहून नेमका प्रश्न विचारता आला नसता. माझा सहीचा अधिकार त्याच क्षणी गेला. टाक्या थांबल्या. वकिलांना, मंत्रालयाला, कुणाकुणाला कळवावे लागेल त्याची यादी होऊ लागली. माझ्याबद्दलचा निर्णय वरचे लोक घेणार होते; तोवर मला या खोलीत बसण्याची परवानगी होती, ती नोएमीच्या देखरेखीखाली. तिने तीन दिवस मागून घेतले आणि त्याच संध्याकाळी तीन चंबू लावले. तिन्हींत तिचेच सोया. पहिल्यात आणखी काही नाही, दुसऱ्यात माती, तिसऱ्यात मँगनीजचा क्षार. बावन्न वर्षांपूर्वी सहा लागले होते. तिने त्यांतली मांडणी अधिक नेटकी केली होती. मी तसे म्हणालो. ती म्हणाली, "आता बोलू नका."

शुक्रवारी सकाळी ती कॉफीचा एकच पेला घेऊन आली. पट्ट्या तिनेच रंगवल्या. हिरव्यावर वाफ धरताना तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर असतो. पहिली पट्टी तिने भिंगाखाली सरकवली. "लाल," ती म्हणाली. मी नोंदवहीत लिहिले. तिसरी आधी घेतली. मी तिच्या श्वासाची लय मोजू लागलो. "हिरवे," ती म्हणाली. "भरपूर हिरवे आहेत." म्हणजे माती लागत नव्हती; कधीच लागत नव्हती; बाटलीभर तपकिरी पाण्यातला चिमटीहून कमी असा एक कण तेवढा लागत होता. नीवेसला येत्या गुरुवारी हे सांगावे लागणार होते. की नाही? मी हा प्रश्न मनात उघडाच ठेवला आणि लगेच माझ्या लक्षात आले की मी काय करतो आहे. सांगावे लागणार होते.

"दुसरी," नोएमी म्हणाली. "मातीची."

सवयीने मी अर्धा उठलो होतो. काचपट्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी आजवर एकही आकडा लिहिलेला नाही. नोएमी भिंगापासून हलली नाही. तिने मला यायला सांगितले नाही आणि येऊ नका असेही सांगितले नाही. तिने नुसते मोजायला सुरुवात केली, मोठ्याने, शाळेत पाढे म्हणावेत त्या संथ स्वरात, एका वेळी एक. मी परत बसलो. पेन उघडले. अकरा, ती म्हणाली, बारा, थांबा, हा अर्धवट आहे, हा धरू नका, तेरा. खिडकीबाहेर कालव्यात पुन्हा पाणी सोडले होते आणि त्याचा आवाज मधेमधे तिच्या आवाजावर चढत होता, म्हणून मला मान पुढे करून, डोळे मिटून ऐकावे लागत होते. चौदा. पंधरा. मी ऐकत होतो, आणि जेवढे ऐकू येत होते तेवढे लिहीत होतो.